पन्नाशीच्या आसपास हृदयासाठी व्यायाम: किती, कसला आणि आधी काय तपासायचं?

कोथरूडकर

आमच्या सोसायटीत ४५ ते ५८ वयाच्या रहिवाशांचा व्यायामगट सुरू करायचं ठरलंय. पंचवीसेक नावं आली आहेत. बहुतेकांचं काम बैठं: हिंजवडीच्या कंपन्या, बँका, काही जण घरूनच काम करणारे. निम्मे लोक आत्ताही संध्याकाळी अर्धा तास पार्किंगभोवती चकरा मारतात. चौघांना बीपीच्या गोळ्या चालू आहेत, त्यातल्या एकाला मेटोप्रोलॉल. तिघांना मधुमेह. हृदयविकाराचं निदान झालेलं कुणी नाही.

आराखडा लिहायचं काम माझ्याकडे आहे, तो इथल्या जाणकारांनी तपासावा ही विनंती. रोज अर्धा तास चालणं हृदयासाठी पुरतं का, आणि पुढे जायचं तर कोणत्या क्रमाने? सगळ्यांना आधी टीएमटी (चालत्या पट्ट्यावर चालवून घेतलेला ईसीजी) करायला सांगायची का? "२२० वजा वय" हा कमाल नाडीचा हिशोब कितपत धरायचा? काहींचं म्हणणं असं की आठवडाभर वेळ मिळत नाही, दर रविवारी सिंहगड केला की झालं. ते कितपत बरोबर?

नाडी_आणि_श्वास

चालणं सुरू ठेवाच, पण त्याचा वेग मोजा. गप्पा मारत मारलेली पार्किंगची चक्कर ताशी तीन-साडेतीन किलोमीटरच्या पुढे जात नाही, आणि तेवढ्याने हृदयाला फारसं काम पडत नाही. मिनिटाला साधारण १०० पावलं पडायला लागली की व्यायाम मध्यम पातळीचा होतो, १३० च्या आसपास जोरकस. १५ सेकंदांची पावलं मोजायची: २५ आली तर मध्यम, ३२-३३ आली तर जोरकस. यासाठी घड्याळही महागडं लागत नाही.

जागतिक आरोग्य संघटनेची २०२० ची शिफारस आठवड्याला १५० ते ३०० मिनिटं मध्यम किंवा ७५ ते १५० मिनिटं जोरकस व्यायाम, आणि शिवाय दोन दिवस स्नायूंच्या ताकदीचा व्यायाम अशी आहे. रोज अर्धा तास खरोखर झपझप चाललात तर पाच दिवसांत खालची मर्यादा गाठता येते. मध्यमवयात मात्र मी एवढ्यावर थांबायला सांगणार नाही, आणि त्याला कारण आहे.

वर्षानुवर्षं बसून काम करणाऱ्याच्या हृदयाचा डावा खालचा कप्पा चाळिशी-पन्नाशीत हळूहळू ताठ होऊ लागतो. ताठ कप्पा दोन ठोक्यांच्या मध्ये नीट सैल पडत नाही, कमी भरतो, आणि भरताना आतला दाब वाढतो. तो दाब मागे फुप्फुसांपर्यंत पोचतो, म्हणून जिना चढताना धाप लागते. डॅलसमधल्या बेंजामिन लेव्हाइन यांच्या गटाने याच प्रश्नावर दोन वर्षांचा प्रयोग केला, तो २०१८ साली प्रसिद्ध झाला. ४५ ते ६४ वयाचे, बैठं काम करणारे पण निरोगी असे ६१ जण घेतले, ५३ जणांनी तो पूर्ण केला. एका गटाने आठवड्यात चार-पाच दिवस दमसासाचा व्यायाम केला, ज्यात दर आठवड्याला जोरकस टप्प्यांचं सत्र होतं. दुसऱ्या गटाने आठवड्यातून तीन वेळा योग, तोल सांभाळण्याचे व्यायाम आणि वजनं केली. पहिल्या गटाची कमाल ऑक्सिजन वापरण्याची क्षमता, म्हणजे व्हीओटू मॅक्स, १८ टक्के वाढली आणि कप्प्याचा ताठरपणा मोजण्याइतका कमी झाला. दुसऱ्या गटात दोन्ही बाबतीत सुधारणा नाही.

याच गटाचे आणखी दोन निष्कर्ष तुमच्या आराखड्यासाठी महत्त्वाचे आहेत. आयुष्यभर आठवड्यातून दोन-तीन दिवसच व्यायाम करणाऱ्यांची हृदयं म्हातारपणी बैठ्या लोकांच्या हृदयांपेक्षा फारशी लवचीक नव्हती, चार-पाच दिवसवाल्यांची होती. आणि ज्यांनी पासष्टीनंतर सुरुवात केली त्यांचा दम वर्षभरात वाढला, पण ताठरपणा कमी झाला नाही. म्हणजे तुमच्या गटाचं वय अगदी योग्य आहे आणि ते पुढे ढकलण्यासारखं नाही. दिवस चार-पाच हवेत, दोन नव्हेत.

क्रम असा ठेवा. पहिला महिना फक्त सवय: पाच दिवस, २० मिनिटांपासून ३० पर्यंत, पूर्ण वाक्य बोलता येईल पण गाणं म्हणता येणार नाही अशा वेगाने. दुसऱ्या महिन्यात ३५-४० मिनिटं, त्यातला एक दिवस तासाभराचा, आणि ताकदीचे दोन दिवस जोडा. तिसऱ्या महिन्यात एका दिवशी छोटे टप्पे: एक मिनिट जोरात, दोन मिनिटं हळू, असे सहा. हे नीट पचलं की चौथ्या महिन्यापासून चार-बाय-चार: दहा मिनिटं अंग गरम करून चार मिनिटं इतकं जोरात की तीन-चार शब्दांनंतर श्वास घ्यावा लागेल, मग तीन मिनिटं हळू चालत, असं चार वेळा, शेवटी पाच-सात मिनिटं सावकाश. आठवड्यातून एकदाच. हे सत्र रोज करणाऱ्यांचे घोटे, पोटऱ्या आणि गुडघे आधी तक्रार करतात. हृदय आणि स्नायू काही आठवड्यांत जुळवून घेतात, कंडरांना (स्नायू हाडाला जोडणाऱ्या दोऱ्यांना) महिने लागतात. म्हणूनच दम आहे म्हणून वेग वाढवला आणि टाच दुखायला लागली, हे इतकं सर्रास दिसतं.

अंग गरम करणं आणि शेवटी हळूहळू थांबणं यात काटकसर करू नका. थंड अवस्थेतून एकदम जोर लावला तर हृदयाच्या स्वतःच्या धमन्या रुंदावायच्या आत मागणी वाढलेली असते. उलट, जोरात पळून जागच्या जागी थांबलं की पायांच्या स्नायूंनी वर ढकललं जाणारं रक्त खालीच साचतं, बीपी एकदम पडतं, आणि त्याच वेळी ॲड्रेनलिन चढलेलं असतं. चक्कर आणि ठोक्यांची गडबड याच दोन-तीन मिनिटांत जास्त होते.

"२२० वजा वय" बद्दल: सरासरी म्हणून ठीक, एका माणसासाठी कच्चं. २००१ सालचं "२०८ वजा वयाच्या ०.७ पट" हे सूत्र मध्यमवयात थोडं बरं, पण त्यातही दहा-बारा ठोक्यांचा फरक दोन्ही बाजूंना सहज असतो. त्यापेक्षा विश्रांतीची नाडी धरून हिशोब करा. उदाहरण: वय ५०, सकाळी उठल्या उठल्या नाडी ७४. कमाल १७३ धरली तर मधलं अंतर ९९. त्याचे ४० ते ६० टक्के नाडीत मिळवले की मध्यम व्यायामाची पट्टी ११४ ते १३३ येते, त्यावर १५८ पर्यंत जोरकस. आकडा आणि बोलण्याची चाचणी यांचं जमत नसेल तर बोलण्याच्या चाचणीवर विश्वास ठेवा. मनगटी घड्याळं सैल बांधली तर नाडीऐवजी पावलांचाच ताल पकडतात आणि चालताना १२० दाखवत राहतात. मनगटाच्या हाडापासून दोन बोटं वर, घट्ट बांधायचं.

हृद्रोग_ओपीडी

वरच्या प्रतिसादाशी सहमत. तपासण्यांविषयी लिहितो.

सरसकट टीएमटी नको. तीन गोष्टी विचारा: माणूस सध्या नियमित व्यायाम करतो का, त्याला हृदयाचा, मूत्रपिंडाचा विकार किंवा मधुमेह आहे का, आणि श्रमाने छातीत दडपण, जबड्यात-खांद्यात-डाव्या हातात दुखणं, नेहमीपेक्षा जास्त धाप, चक्कर, धडधड यातलं काही होतं का. लक्षणं असतील तर व्यायाम थांबवून आधी डॉक्टर, वय आणि सवय काहीही असो. लक्षणं नाहीत, आजार नाही, फक्त बसून राहिलेला माणूस आहे, तर हलक्या-मध्यम चालण्याने तपासणीशिवाय सुरुवात करायला हरकत नाही. तुमच्या तिघा मधुमेहींनी आणि बीपीवाल्यांनी सुरुवातीलाच आपल्या डॉक्टरांना विचारावं. ईसीजी, बीपी, साखर, लिपिड, क्रिएटिनिन एवढं सगळ्यांचं नोंदलेलं असलं तर चांगलं. चार-बाय-चार सुरू करण्याआधी मधुमेही, धूम्रपान करणारे आणि घरात कमी वयात हार्ट ॲटॅकचा इतिहास असलेले यांच्यासाठी टीएमटीचा विचार व्हावा.

टीएमटी काय सांगते आणि काय सांगत नाही हे गटाला नीट समजावा. नेहमीच्या ब्रूस पद्धतीत दर तीन मिनिटांनी पट्ट्याचा वेग आणि चढ वाढतो. रक्तप्रवाह अडवण्याइतका मोठा, साधारण ७० टक्क्यांचा अडथळा असेल तर ईसीजीत बदल दिसण्याची शक्यता असते. पण पुष्कळ हार्ट ॲटॅक त्याहून लहान, मऊ चरबीचा थर अचानक फाटून त्यावर गुठळी बसल्याने येतात. असा थर टीएमटीत दिसत नाही. म्हणून "टीएमटी निगेटिव्ह, आता काळजी नाही" हे वाक्य मला फार धोक्याचं वाटतं. त्या अहवालातला खरा उपयोगी आकडा बहुतेक जण वाचतच नाहीत: किती मेट्सपर्यंत पोचलात, म्हणजे स्वस्थ बसल्यावर लागते त्याच्या किती पट ऊर्जेचे श्रम झेपले. दहा मेट्स म्हणजे ब्रूसचा तिसरा टप्पा पूर्ण. एक मेट क्षमता वाढली की मृत्यूचा धोका साधारण १२ टक्क्यांनी कमी आढळतो, असं २००२ सालच्या मोठ्या अभ्यासात दिसलं होतं. तो आकडा वर्षभराने पुन्हा मोजा.

आपल्याकडे हे सगळं लवकर घडतं. ५२ देशांच्या इंटरहार्ट अभ्यासात दक्षिण आशियातल्या लोकांचं पहिल्या हार्ट ॲटॅकचं सरासरी वय ५३ होतं, इतर देशांत ५८.८. याचा एक धागा पुण्यातच उलगडला आहे. केईएम रुग्णालयाच्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी २००४ साली स्वतःची आणि लंडनच्या एका सहकाऱ्याची तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा बीएमआय २२.३, पण सहकाऱ्याच्या शरीरात चरबी ९.१ टक्के आणि याज्ञिकांच्या २१.२. तेव्हा गटात वजनकाट्याआधी टेप आणा. पुरुषांत ९० सेंटीमीटर, बायकांत ८० च्या वर कंबर गेली की सडपातळ दिसणाऱ्यालाही धोका आहे. मोजताना सगळ्यात खालची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या बरोबर मध्ये, श्वास सोडून, पोट आत न ओढता.

आता सर्वात जास्त गैरसमज असलेला मुद्दा. व्यायामाने वरचं बीपी उच्च रक्तदाब असणाऱ्यांत साधारण ५ ते ८ अंकांनी उतरतं, ट्रायग्लिसराइड कमी होतात, स्नायू साखर जास्त उचलतात, रक्तवाहिन्यांचं आतलं अस्तर नायट्रिक ऑक्साइड जास्त सोडून नळी रुंद ठेवतं. एलडीएल, म्हणजे वाईट कोलेस्टेरॉल, मात्र फारसा हलत नाही. तो १६० असेल तर मॅरेथॉन पळूनही ११० होत नाही. ज्याला स्टॅटिन (कोलेस्टेरॉल उतरवणारी गोळी) दिलंय त्याने "आता मी रोज टेकडी चढतो" म्हणून ते बंद करू नये. वर्षानुवर्षं अतिश्रमाचे खेळ खेळलेल्या पुरुषांत धमन्यांत कॅल्शियम जास्त आणि एट्रियल फिब्रिलेशन (हृदयाचे अनियमित ठोके) थोडं जास्त दिसतं, हेही खरं आहे. पण तो प्रश्न तुमच्या गटापासून खूप दूर आहे.

एक व्यवहारातली गोष्ट. रक्ततपासणीच्या आधी दोन-तीन दिवस जोरकस व्यायाम नको. रविवारी गड चढून सोमवारी रक्त दिलं तर सीपीके आणि एसजीओटी (स्नायूंतूनही रक्तात येणारी विकरं) वाढलेले येतात, मग यकृताच्या आजाराची किंवा स्टॅटिनच्या दुष्परिणामाची शंका निघते आणि चालू गोळी विनाकारण बंद होते.

टेकडीची_वाट

सिंहगडाबद्दल. आठवड्याचा सगळा व्यायाम एक-दोन दिवसांत उरकणाऱ्यांनाही, एकूण १५० मिनिटं भरली तर, हृदयविकार टाळण्याचा फायदा जवळजवळ तेवढाच मिळतो असं २०२३ सालच्या ब्रिटनमधल्या मोठ्या नोंदींत दिसलं. त्यामुळे रविवारचा गड वाया जातो असं म्हणणार नाही. अडचण वेगळी आहे: सहा दिवस खुर्चीत आणि सातव्या दिवशी आतकरवाडीतून अर्ध्या किलोमीटरहून जास्त उभी चढण. व्यायामादरम्यान अचानक काही होण्याचा धोका एकंदरीत फार कमी असतो, पण तो ज्यांना सवय नाही त्यांच्यातच एकवटलेला असतो. गड हे बक्षीस समजा, तिसऱ्या-चौथ्या महिन्यानंतरचं. चढताना सोबत्याला मागे टाकायची चढाओढ आणि उन्हात उशिरा निघणं हे दोन नेहमीचे घोळ. वर पोचून लगेच पिठलं-भाकरी आणि भज्यांवर ताव मारून तडक उतरायला लागू नये, पोट भरल्यावर हृदयावर आधीच काम वाढलेलं असतं. अर्धा-पाऊण तास बसा.

कोथरूडहून रोजसाठी हनुमान टेकडी आणि एआरएआयच्या बाजूने वेताळ टेकडी उत्तम. चढ सौम्य सुरू होतो, गाड्यांचा धूर नाही, पायाखाली माती असल्याने गुडघ्यांना बरं. कर्वे रस्ता किंवा पौड रस्त्याच्या कडेने झपझप चालू नका, श्वास वाढला की धूरही तितकाच जास्त आत जातो. डिसेंबर-जानेवारीत पहाटे गार हवा धुराला खाली दाबून ठेवते, त्यातून शेकोट्या आणि जाळलेला पालापाचोळा, तेव्हा ऊन पडल्यावरच निघा. ज्यांना गार हवेत छाती आवळते त्यांनी तर नक्कीच.

चार-बाय-चारसाठी एकसारखा चढ शोधा, म्हणजे पळावं लागत नाही. ताशी पाच किलोमीटरने चढावर चालणं पन्नाशीच्या बहुतेकांची नाडी हवी तिथे नेतं आणि सांध्यांवर आपटणं होत नाही. छोट्या टप्प्यांसाठी पर्वतीच्या १०३ पायऱ्या सोयीच्या: वर जाताना जोर, उतरताना सावकाश. मात्र गुडघेदुखी असलेल्यांना पायऱ्या उतरणं हेच महाग पडतं, त्यांनी सपाटीवरच वेग बदलावा. पावसाळ्यात दगडी पायऱ्या आणि टेकडीची मुरमाड वाट दोन्ही निसरड्या, तेव्हा सोसायटीचा जिना वापरा.

एप्रिल-मेमध्ये साडेसातच्या आत आटपा. उन्हात त्वचेकडे रक्त वळतं, घामाने पाणी जातं, आणि त्याच वेगाला नाडी दहा-पंधरा ठोक्यांनी वर जाते. अशा दिवशी नाडी धरा, वेग सोडा. शरीराला उन्हाची सवय व्हायला दहा-बारा दिवस लागतात.

कोथरूडकर

खूप आभार, आराखडा बदलतोय. अजून तीन शंका. मेटोप्रोलॉल घेणाऱ्याने नाडी कशी धरायची? ताकदीचे दोन दिवस म्हणजे नेमकं काय, कारण जिम नाही आणि बीपीवाल्यांना वजनं उचलू नका असं सांगितलं जातं? आणि गटातल्या बायकांसाठी काही वेगळं आहे का?

हृद्रोग_ओपीडी

मेटोप्रोलॉल, बिसोप्रोलॉल, ॲटेनोलॉल या गोळ्या नाडीचं छतच खाली आणतात. वरचं गणित त्यांना लागू नाही. ते आकडे गाठायच्या नादात माणूस नको तितका जोर लावतो. बोलण्याची चाचणी वापरा, किंवा बोर्गच्या ६ ते २० च्या श्रममापनावर (६ म्हणजे श्रम नाहीतच, २० म्हणजे कमाल) १२ ते १४. गोळी व्यायामासाठी चुकवायची नाही, अचानक बंद केली तर नाडी आणि बीपी उसळतात.

बीपीची लघवीची गोळी, उदाहरणार्थ क्लोरथॅलिडोन, चालू असेल तर उन्हाळ्यात पाणी आणि क्षार कमी पडून उठताना चक्कर येते. ॲम्लोडिपिनवाल्यांचं बीपी व्यायामानंतर जास्त उतरू शकतं, शेवटची हळू चालायची मिनिटं त्यांनी चुकवू नयेत. विश्रांतीत बीपी १८०/११० च्या वर असेल त्या दिवशी व्यायाम नाही, डॉक्टर.

मधुमेहींत ग्लिमेपिराइडसारखी गोळी किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी आधी साखर बघावी. ९० च्या खाली असेल तर तीन चमचे साखर किंवा एक केळं खाऊन मगच निघावं. नुसतं मेटफॉर्मिन असेल तर साखर फार पडण्याची भीती नसते. साखर कधी कधी संध्याकाळी नाही, रात्री झोपेत उतरते, हे घरच्यांना माहीत हवं. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर बूट काढून तळवे रोज पाहावेत.

फिजिओ_सदाशिवपेठ

बीपी आटोक्यात असेल तर ताकदीचा व्यायाम बंद करायचा नसतो, श्वास रोखणं बंद करायचं असतं. दात-ओठ खाऊन, श्वास कोंडून जड उचललं की बीपी क्षणात खूप वर जातं. जोर लावताना तोंडाने श्वास सोडायचा, परत येताना घ्यायचा. मोठ्याने मोजत केलं तर श्वास आपोआप सुटतो.

जिम लागत नाही. खुर्चीतून हात न टेकता उठणं-बसणं, भिंतीवरचे आणि नंतर ओट्यावरचे दंड, पायरीवर टाचा उचलणं, रबरी पट्टा खिडकीच्या गजाला बांधून कोपर मागे ओढणं, आणि दोन्ही हातांत पाच-पाच लिटरचे भरलेले कॅन घेऊन गॅलरीत चालणं. प्रत्येकी १० ते १२ वेळा, दोन फेऱ्या, मध्ये मिनिटभर विश्रांती. शेवटचे दोन जड जायला हवेत. अगदी सहज गेले तर आवर्तनं वाढवत बसू नका, वजन वाढवा. दोन दिवसांत ४८ तासांचं अंतर. डोक्यावर वजन उचलण्याचे प्रकार बीपीवाल्यांनी शेवटी घ्यावेत, हात वर असताना बीपी जास्त चढतं.

बीपीसाठी एक साधी गोष्ट गटाला शिकवा: भिंतीला पाठ टेकून अर्धवट बसणं. दोन मिनिटं, मग दोन मिनिटं विश्रांती, असं चार वेळा, आठवड्यातून तीन दिवस. स्थिर जोराच्या अशा व्यायामाने वरचं बीपी सरासरी आठ अंकांच्या आसपास उतरल्याचं २०२३ सालच्या एकत्रित विश्लेषणात आलं आहे. सुरुवातीला फार खाली बसू नका, तीस सेकंदांपासून चढत जा, श्वास चालू ठेवा. गुडघ्याची वाटी दुखत असेल तर वरच थांबा.

सूर्यनमस्कारांना मी दमसासाचा व्यायाम तेव्हाच म्हणते जेव्हा ते सलग, मिनिटाला तीन-चार या वेगाने, वीसेक मिनिटं होतात. प्रत्येक आसनात थांबून घातलेले बारा नमस्कार लवचीकतेला छान, पण चालण्याची जागा घेत नाहीत.

बायकांबद्दल जरा सविस्तर, कारण इथे दुर्लक्ष होतं. पाळी जाण्याच्या काळात एलडीएल, बीपी आणि पोटावरची चरबी तिन्ही वाढतात, आणि पूर्वीचा कमी धोका पुढच्या काही वर्षांत संपतो. गरोदरपणात बीपी वाढून प्रीएक्लॅम्पसिया झाला असेल तर पुढे हृदयविकाराचा धोका सुमारे दुप्पट असतो. गरोदरपणातला मधुमेहही तसाच महत्त्वाचा. नाव नोंदवताना हे दोन प्रश्न विचारा, कारण वीस वर्षांपूर्वीचं कुणी आपणहून सांगत नाही.

दुसरं, हिमोग्लोबिन. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांत रक्तक्षय आढळला. पाळी बंद होण्याच्या आधीच्या वर्षांत अंगावरून जास्त जाणं नेहमीचं, तेव्हा नऊ-दहा हिमोग्लोबिनवर चढ चढताना धाप लागते, नाडी भरमसाठ वाढते आणि "मला व्यायाम झेपतच नाही" म्हणून ती घरी बसते. आधी रक्त आणि थायरॉइड तपासा, लोह भरून काढा, मग वेग वाढवा. घरकामातली झाडलोट मध्यम श्रमाची असते हे खरं, पण ती तुकड्या-तुकड्यांत होते आणि नाडी सलग वर राहत नाही. त्यामुळे "दिवसभर उभीच असते" याला व्यायामात धरू नका. टीएमटी बायकांत खोटी पॉझिटिव्ह येण्याचं प्रमाण जास्त, म्हणून तिच्यावरून घाबरून न जाता पुढची तपासणी करावी. आणि लक्षणं नेहमी छातीतल्या कळेची नसतात: अनोळखी थकवा, मळमळ, पाठीत किंवा जबड्यात दुखणं, नेहमीच्या जिन्याला लागलेली धाप.

१०८_वाले

पंचवीस जणांचा गट आहे तर आणीबाणीची तयारी आराखड्यातच लिहा. छातीत दडपण आणि घाम आला की आपल्याकडे पहिलं वाक्य "गॅस झालाय" असतं, आणि सोडा-इनो देऊन एक तास जातो. पाच मिनिटं बसूनही न गेलेलं दडपण हे हृदयाचंच समजून १०८ ला फोन. माणसाला चालवू नका, घरी जायला जिना चढू देऊ नका, स्वतः गाडी चालवू देऊ नका. ॲस्पिरिनची ॲलर्जी किंवा रक्तस्रावाचा त्रास नसेल तर साधी ३०० मिलिग्रॅमच्या आसपासची ॲस्पिरिन चावून खायला द्या, नुसती गिळली तर उशिरा लागू होते. जवळच्या कोणत्या रुग्णालयात चोवीस तास कॅथलॅब (अँजिओप्लास्टी करतात तो विभाग) चालू असते हे आजच विचारून गेटवर लिहून लावा, त्या क्षणी शोधू नका.

कोसळून शुद्ध हरपली, श्वास नाही किंवा अधूनमधून आचके येतायत, तर लगेच छाती दाबायला सुरू करा: छातीच्या मध्यभागी, ५ ते ६ सेंटीमीटर खोल, मिनिटाला १०० ते १२०, दर दाबानंतर छाती पूर्ण वर येऊ द्यायची. आचके म्हणजे श्वास चालू आहे असं समजून लोक थांबतात, तिथेच वेळ जातो. दर दोन मिनिटांनी दाबणारा बदला, थकलेल्या माणसाचे दाब उथळ होतात. एक जण गेटवर उभा राहून रुग्णवाहिकेला वाट दाखवेल हे आधीच ठरलेलं असावं. पहारेकऱ्यांनाही शिकवा, पहाटे टेकडीवर निघताना तेच जागे असतात.

कोथरूडकर

हे सगळं घेतोय. शेवटचं: पावसाळ्यात आजारपणं होतातच, आणि गणपती-दिवाळीत खंड पडतो. परत सुरू करताना कुठून धरायचं?

नाडी_आणि_श्वास

नुसता खंड असेल तर: आठवडाभर सुटलं, जिथे होतात तिथून. दोन-तीन आठवडे सुटलं तर रक्तातला द्रवाचा साठा आणि दम दोन्ही उतरलेले असतात. वेळ निम्म्यावर आणा, जोराचं सत्र पहिला आठवडा नको, दोन आठवड्यांत पूर्वपदावर. दोन महिने सुटलं तर पहिल्या महिन्याचा क्रम पुन्हा.

ताप वेगळा. ताप असताना व्यायाम अजिबात नाही, "घाम काढला की ताप उतरतो" हे डोक्यातून काढा. डेंगी, चिकुनगुन्या, साध्या विषाणूजन्य तापातही हृदयाच्या स्नायूला सूज येऊ शकते, आणि सुजलेल्या स्नायूवर जोर टाकला तर ठोके बिघडतात. ताप गेल्यावर सकाळची नाडी रोज मोजा. ती आजारापूर्वीच्या आकड्यावर परत येऊन दोन-तीन दिवस टिकली की २० मिनिटं हळू चालणं, आठवडाभर तेवढंच. डेंगीत प्लेटलेट सुधारल्याशिवाय टेकडी नको, पडून मार लागला तर रक्त थांबत नाही. चिकुनगुन्यात सांधे आठवडेच्या आठवडे दुखतात, तेव्हा पोहण्याच्या तलावात कंबरभर पाण्यात चालणं चालेल. आणि तापानंतर छातीत दुखणं, धडधड, किंवा पूर्वी सहज जमणाऱ्या चढाला धाप असेल तर ईसीजी, इको आणि ट्रोपोनिन (हृदयाच्या स्नायूची इजा दाखवणारी रक्ततपासणी) करून घेतल्याशिवाय गटात घेऊ नका. सूज निघाली तर तीन ते सहा महिने जोरकस व्यायाम बंद ठेवावा लागतो, आणि पुन्हा सुरू कधी करायचा ते हृदयरोगतज्ज्ञच ठरवतील.